फाइलवरची लाल ओळ

लॅसिक्सचं इंजेक्शन ट्रेमध्ये भरून ठेवलेलं होतं. आत्याच्या पावलांवर एवढी सूज होती की बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. पाठीशी उशांची चळत लावूनही तिला धड श्वास घेता येत नव्हता. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. हृदयाचा जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं, छातीतही साठतं, आणि ते लघवीवाटे बाहेर काढणं हे पहिलं काम. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी सगळं बरोबर ओळखलं होतं. सिरिंज हातात घेण्याआधी त्यांनी फाइलचं पहिलं पान पाहिलं आणि ते थांबले. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं : सल्फा ॲलर्जी. "यात सल्फोनामाइड आहे," ते स्वतःशीच म्हणाले. सल्फा म्हणजे जिवाणू मारणाऱ्या जुन्या औषधांचं एक घराणं, आणि सल्फोनामाइड हा त्यांच्यातला रासायनिक गट; तोच लॅसिक्समध्येही असतो. मग वरिष्ठांना फोन. तो लागेना. मग दुसऱ्या कोणाला. मी शेजारीच उभी होते. औषधांच्या कपाटांमध्येच माझं नोकरीचं आयुष्य सरलं, लॅसिक्स हिला चालेल हे मला ठाऊक होतं, मी तसं म्हटलंही. पण भर रात्री नातेवाइकाच्या शब्दावर कोणी इंजेक्शन द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. न वाचता टोचणाऱ्यापेक्षा वाचून थांबणारा डॉक्टर मला केव्हाही बरा वाटतो. शेवटी फोन लागला, पलीकडून होकार आला, इंजेक्शन दिलं गेलं आणि पहाटेपर्यंत आत्या शांत झोपली.

मनात रुतून बसलं ते वेगळंच. फोनाफोनी चालू असताना आत्याने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला होता आणि मला बजावलं होतं, "सल्फा नको हं मला. सांग त्यांना." श्वास पुरत नसतानाही तिने त्यातला उरलासुरला श्वास या एका वाक्यावर खर्च केला होता. इतकी वर्षं मी हे वाक्य तिच्या तोंडून ऐकत आले आहे. दाताच्या डॉक्टरांकडे, डोळ्यांच्या शिबिरात, एकदा तर रक्तदाब मोजून घेताना. त्या रात्री पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

आत्या लग्न होऊन लालबागला गेली ती १९७० च्या आसपास. मिलच्या भोंग्यावर उठणारी चाळ, दहा बाय बाराची खोली, त्यात सासू-सासरे, दोन दीर. पहिल्याच वर्षी तिला लघवीला जळजळ सुरू झाली. हे सासूला सांगायचं कसं, नवऱ्याला सांगायचं कसं, यातच बरेच दिवस गेले. अखेर एका दवाखान्यातून सल्फाच्या गोळ्या आणल्या. पांढऱ्या, मोठ्या, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या. आठवडाभराने ताप आला, अंगावर लाल चट्टे उठले. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा घे. कोर्स अर्धवट सोडू नको असं दवाखान्यात सांगितलेलं, म्हणून गोळ्या चालूच. मग ओठ सुजले, तोंडभर फोड आले, पेजेचा घोटही उतरेना, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. "मी सांगत होते गं, गोळी घेतली की जास्त होतंय," आत्या अजून सांगते. "कोणाला खरंच वाटेना." शेवटी शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी तिला हाताला धरून टॅक्सीत घातलं आणि मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या वयस्क डॉक्टरांनी काय केलं, तर सासूला बाहेर बसवलं आणि आत्याला विचारलं. गोळी कुठली, कधी सुरू केली, कितव्या दिवशी काय झालं. तिला बोलता येत नव्हतं तर बोटांवर मोजून सांगायला सांगितलं. आणि मग एका कागदावर सगळं लिहिलं. तो कागद तिने जन्मभर जपला. लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड आणि मुलाच्या देवी टोचल्याचा दाखला यांच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो असायचा. आत्याचं आयुष्य पुष्कळसं दुसऱ्यांनी ठरवलेलं. काय शिकायचं, कुठे राहायचं, दागिना कधी मोडायचा, यातलं काही तिच्या हातात नव्हतं. पण "मला सल्फा चालत नाही" हे तिचं म्हणणं घरात कोणीही कधी खोडून काढलं नाही. ती लाल ओळ म्हणजे तिच्या शब्दावर कोणीतरी एकदा पूर्ण विश्वास ठेवल्याचा पुरावा होता. म्हणून त्या ओळीला हात लावताना माझाही हात जरा थांबतो.

पण ओळ वाढत गेली. सल्फा म्हणजे सल्फर, सल्फर म्हणजे गंधक, असं कुणीतरी तिला समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून घरातून गंधकाचा साबण गेला. वज्रेश्वरीच्या सहलीला सगळे कुंडात उतरले, ती काठावर पदर नाकाला लावून बसली. अंड्याला तो वास येतो म्हणून अंडं सुटलं. पुढे मोबाइलवर कुठलासा निरोप फिरत आला की कांदा-लसणात गंधक ठासून भरलेलं असतं, आणि तिने लसूण सोडला. हे मला सर्वांत जास्त लागलं. तिच्या हातची लसणाची चटणी खाऊन आम्ही भावंडं मोठी झालो. ती खलबत्त्यात लसूण ठेचायला बसली की आधी काहीच वास यायचा नाही. अख्ख्या पाकळ्या, वर खोबऱ्याचा कीस, मीठ, सगळं गपगार. पहिला ठोका बसला की क्षणभराने तो तिखट, जिभेच्या मुळाशी चढणारा वास उसळायचा आणि आम्ही बाहेरच्या गॅलरीतून आत धावायचो.

त्या एका क्षणात काय घडतं ते मला पुढे कॉलेजात कळलं. अख्ख्या पाकळीत ॲलिइन नावाचा पदार्थ असतो, गंधक असलेला, पण बिनवासाचा. त्याला फोडणारं विकर (एन्झाइम), ॲलिनेज, पेशीत वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. ठोका बसला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. कांद्यातही हाच खेळ, फक्त पुढे आणखी एक विकर हात घालतं. जपानमधल्या शिन्सुके इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की डोळ्यांत पाणी आणणारा वायू आपोआप तयार होत नाही, तो घडवायला कांद्याकडे स्वतंत्र विकर आहे. कीड किंवा जनावर चावलं तरच शस्त्र उपसायचं, एरवी म्यान, अशी ही वनस्पतींची व्यवस्था. यातल्या कशाचाही आत्याच्या त्या तापाशी, त्या फोडांशी काडीचा संबंध नाही.

गंधकाचं भय बाळगायचं तर माणसाला स्वतःच्याच अंगातून बाहेर पडावं लागेल. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम गंधक असतं. केसांना, नखांना बळकटी येते ती केराटिनमधल्या गंधकाच्या जोडांनी. मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्लं गंधकाची, आणि त्यातलं मेथिओनिन अन्नातूनच घ्यावं लागतं. थायमिन आणि बायोटिन या ब जीवनसत्त्वांतही गंधक आहे. आणि आत्या रोज पोटाच्या कातडीत टोचून घेते त्या इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे सहा अणू असतात, दोन-दोन मिळून तीन पूल; ते पूल तुटले तर इन्सुलिनचा आकारच मोडतो. हे मी तिला एकदा सांगितलं तेव्हा ती इन्सुलिनच्या पेनाकडे अशा काही नजरेने पाहू लागली की मी घाईघाईने विषय बदलला.

मग तिला बाधलं ते काय?

सल्फाडायझिन किंवा सल्फामेथॉक्साझोल यांसारख्या जिवाणूनाशक सल्फा औषधांत बेंझिनच्या कड्याला एका टोकाशी सल्फोनामाइडचा गट असतो आणि बरोब्बर समोरच्या टोकाला एक मोकळा अमाइन गट. उपद्रव बहुतेक वेळा या दुसऱ्या टोकाचा. यकृतातलं एन-ॲसिटिलट्रान्सफरेज हे विकर त्या अमाइनवर झाकण बसवून त्याला निरुपद्रवी करतं. काहींमध्ये हे विकर जन्मतःच संथ असतं, आणि आपल्या देशात अशी माणसं पुष्कळ. मग उरलेला भाग दुसऱ्या वाटेने जातो. सीवायपी२सी९ नावाचं विकर त्याला ऑक्सिजन जोडतं, त्यातून हायड्रॉक्सिलअमाइन होतं, त्याचं पुढे नायट्रोसो संयुग होतं, आणि हे नायट्रोसो शरीराच्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. आपलीच प्रथिनं मग आपल्या प्रतिकारशक्तीला परकी वाटू लागतात. हे सगळं जमायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणूनच आत्याला पहिल्या गोळीला काही झालं नाही आणि आठवड्याने ताप भरला. तिच्या बोटांवरच्या मोजणीत हे सगळं होतं. सासूबाईंना ते उष्णतेसारखं दिसलं, त्या डॉक्टरांना नेमकं दिसलं.

यातली एक गोष्ट मला फार हलवून जाते. त्या नायट्रोसोला परत मागे फिरवून निरुपद्रवी करण्याचं काम शरीरात ग्लुटाथायोन करतं. तीन अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू, मधोमध सिस्टीन, आणि त्याच्या टोकाला गंधक. सगळा कारभार त्या गंधकाचाच. म्हणजे लालबागच्या त्या खोलीत, तापाने फणफणलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या यकृतात, तिच्या बाजूने जे झगडत होतं ते गंधक होतं.

लॅसिक्समध्ये सल्फोनामाइडचा गट आहे हे खरं. पण त्याच्या समोरच्या टोकाला तो मोकळा अमाइन नाही. आत्या पुष्कळ वर्षं साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती. तिच्यातही सल्फोनिलयुरियाचा गट आहे, आणि कधी एक पुरळही उठली नाही. फाइलवर लाल ओळ, आतल्या पानावर ग्लिमेपिराइड, आणि दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होत्या. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जिवाणूनाशक सल्फाची ॲलर्जी असलेल्या ९६९ जणांना पुढे दुसऱ्या प्रकारचं सल्फोनामाइड दिलं गेलं, त्यातल्या ९.९ टक्क्यांना काही ना काही ॲलर्जी झाली. अशी ॲलर्जी नसलेल्यांत हे प्रमाण १.६ टक्के. इथवर वाचून कोणीही घाबरेल. पण त्याच ॲलर्जीवाल्यांना पेनिसिलीन दिल्यावर प्रमाण त्याहूनही जास्त निघालं, आणि पेनिसिलीनचा सल्फाशी काही नातेसंबंध नाही. म्हणजे काही माणसांची प्रकृतीच औषधांना चटकन बिथरणारी असते. दोष दोन औषधांमधल्या सारखेपणाचा नसतो. अशा माणसांना कुठलंही नवं औषध देताना जपायला हवं, हे त्यातून निघतं. सूज आलेल्या बाईला लॅसिक्स नाकारावं, हे निघत नाही.

गंमत वाटावी असा या औषधांचा वंशवृक्ष आहे. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी उंदरांवर प्राँटोसिल वापरून पाहिलं ते १९३२ साली, प्रसिद्ध केलं १९३५ साली. तो खरं तर एक लाल रंग. परीक्षानळीत त्याने जिवाणू मरत नव्हते आणि उंदरांत मात्र मरत होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वर्षी उलगडा झाला : शरीरात प्राँटोसिल तुटतं आणि त्यातून निघणारं बिनरंगी सल्फानिलामाइड हेच खरं औषध. डोमाक यांच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून जंतुदोष चढत गेला, हात कापायची वेळ आली, तेव्हा बापाने तिला हेच प्राँटोसिल दिलं आणि हात वाचला. १९३९ चं नोबेल मिळालं तर नाझी राजवटीने ते नाकारायला लावलं; पदक हाती आलं १९४७ साली. मग हे औषध घेणाऱ्या रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्या चौकस डॉक्टरांना वेगवेगळं काही दिसू लागलं. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा देताना मार्सेल जानबाँ यांच्या लक्षात आलं की त्यांची साखर धोकादायक खाली जातेय; त्याचा पाठपुरावा ऑग्युस्त लुबातिएर यांनी केला आणि त्यातून मधुमेहाच्या गोळ्या आल्या. सल्फानिलामाइड शरीरातल्या कार्बोनिक अनहायड्रेज या विकराला अडवतं हे १९४० साली कळलं होतं. त्यावरून बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी १९४९ साली हृदय थकून अंगावर सूज आलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिलं, आणि त्यांची लघवी वाढली, सूज उतरली. पुढे त्या वाटेने शोधत शोधत थायझाइड आली, मग लॅसिक्स आलं. म्हणजे आत्याची साखरेची गोळी आणि तिच्या पायांची सूज उतरवणारं इंजेक्शन, दोन्ही तिच्या वैऱ्याच्याच घरातली. त्या घरातल्या एकाने घात केला म्हणून बाकीच्यांना दारात उभं करायचं नाही, हा न्याय माणसांनाही लावू नये आणि रेणूंनाही.

सल्फा जिवाणूंना मारतं कसं, हेही मला आत्याच्या निमित्ताने पुन्हा वाचावंसं वाटलं. जिवाणू स्वतःचं फॉलिक ॲसिड स्वतः बनवतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे डायहायड्रोटेरोएट सिंथेज नावाचं विकर असतं. सल्फाचा रेणू त्या विकराच्या कच्च्या मालासारखा दिसतो. विकर त्याला धरून बसतं आणि काम ठप्प होतं. माणसाकडे हे विकरच नाही, आपण फॉलिक ॲसिड पालेभाज्यांतून, डाळींतून आयतं घेतो, म्हणून ते औषध आपल्या पेशींना त्या वाटेने इजा करत नाही. आणि हे आयतं न मिळाल्यावर माणसाचं काय होतं हे कळलं त्याची सुरुवात मुंबईतच झाली. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली इथे आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करू लागली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या, निकस अन्नावर जगणाऱ्या गरीब बायका, रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या आणि कमी झालेल्या, बाळंतपणात दगावणाऱ्या. या बायका यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, बऱ्या होतात हे तिने दाखवलं आणि १९३१ साली ते छापलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे फॉलिक ॲसिड. हाफकिनपासून आत्याची चाळ चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्या आजेसासूच्या पिढीतल्या बायकांचं रक्त तपासून जे रसायन कळलं, तेच जिवाणूंना बनवू न देणारी ती पांढरी गोळी तिच्या हातात आली होती. वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो, दोन्ही एकदम.

इस्पितळातून घरी आल्यावर मी तिची प्लॅस्टिकची पिशवी मागून घेतली. तो जुना कागद घड्यांवर फाटला होता, शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. औषधाचं नाव होतं : सल्फाडायझिन. किती गोळ्या, कितव्या दिवशी ताप, पुरळ कशी, तोंडात आणि डोळ्यांत काय, सगळं. त्या माणसाने काहीही सोडलं नव्हतं. मग त्या कागदावरून कुणीतरी पहिल्या फाइलवर उतरवलं तेव्हा नुसतं "सल्फा गोळीची रिॲक्शन" उरलं. पुढच्या फाइलवर "सल्फा ॲलर्जी". कॉम्प्युटरवर आल्यावर तर एका चौकोनात बरोबरची खूण. दरवेळी लिहिणाऱ्याने चार शब्द वाचवले आणि ती रिकामी जागा पुढच्या डॉक्टरांनी भीतीने भरून काढली. सल्फेट दिसलं की शंका : दम्याचं साल्ब्युटामोल सल्फेट, लोहाचं फेरस सल्फेट. जर्दाळू टिकवायला वापरतात ते सल्फाइट दिसलं की शंका. सल्फाइटचा त्रास दम्याच्या काही रुग्णांना होतो खरा, पण ते प्रकरणच निराळं. मी कितीतरी जणांना औषधाच्या खिडकीवरून हे सांगत आले, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की मूळ कागद कुणी पाहिला असता तर हे सांगावंच लागलं नसतं.

मी तिच्यासाठी नवा कागद तयार केला. जुना समोर ठेवून, मोठ्या अक्षरात. औषधाचं नाव, साल, काय झालं. कुठली औषधं अजिबात द्यायची नाहीत : को-ट्रायमॉक्साझोल, सल्फाडायझिन, सल्फासालाझिन, आणि डॅप्सोनबद्दल आधी तज्ज्ञांना विचारायचं. कुठली चालली आहेत : ग्लिमेपिराइड, लॅसिक्स, तारखेसकट. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी एका जागी दुरुस्ती करून खाली सही केली. आत्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. "लसूण कुठे लिहिलाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, लिहिलेला नाही, कारण तो खायचा आहे. ती काही बोलली नाही. चटणी अजून झालेली नाही. त्याची मी घाई करत नाही.

मध्यंतरी तिची बोटं सुजून दुखू लागली, सांधे सकाळी आखडायचे. संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सल्फासालाझिन लिहायला घेतलं, चांगलं जुनं औषध आहे. आत्याने पर्स उघडून कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि लिहिलेलं खोडलं. मग माझ्याकडे न बघता तिलाच समजावून सांगितलं की हे औषध आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते तोडतात, आणि त्यातला एक तुकडा सल्फापिरिडिन असतो, तुमच्या त्या जुन्या गोळीचा सख्खा भाऊ. तुम्हाला दुसरं देतो.

परतताना रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी सांगत होते ते खरंच होतं."

"होतं ना," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."